मिसफायरवर पेट्रोल हा उपाय नव्हे

फेरफार केलेल्या टर्बो पेट्रोल इंजिनात मिसफायर, म्हणजे सिलिंडरातले मिश्रण न पेटण्याचा प्रकार, होऊ लागला आणि एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर मिश्रण विरळ असल्याचे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत असल्याचे दाखवू लागला, की इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाच्या, म्हणजे ईसीयूच्या, फ्युएल मॅपमध्ये पेट्रोल वाढवून द्यावे, असा सल्ला ट्यूनिंगच्या व्यवसायात सर्रास दिला जातो. या सल्ल्यामागे तीन गृहीतके असतात: सेन्सरचा आकडा हे मिश्रणाचे थेट मोजमाप आहे, विरळपणा हेच मिसफायरचे कारण आहे, आणि पेट्रोल थोडे जास्त गेले तरी इंजिनाचे काही बिघडत नाही. ही तिन्ही गृहीतके अर्धवट आहेत, आणि त्यांच्या आधारे केलेल्या उपचारात मूळ दोष जागेवर राहून त्याची खूण तेवढी पुसली जाते. पुढे काही महिन्यांनी त्याच इंजिनात पिस्टनच्या दोन रिंगांमधला कठडा तुटतो, तेव्हा इंजिनाची बनावटच कमजोर होती असे मालकाला सांगितले जाते. या सल्ल्याचा प्रतिवाद तांत्रिक तपशिलात उतरूनच करावा लागतो, कारण त्याचे बळ त्या तपशिलाकडे कोणी पाहत नाही यातच आहे.

प्रथम सेन्सर काय मोजतो ते पाहू गेल्यास, बॉशचा लॅम्डा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत आला तेव्हापासून आजच्या वाइडबँड सेन्सरपर्यंत या सर्व उपकरणांचा विषय एकच आहे, आणि तो म्हणजे जळून बाहेर पडलेल्या वायूत उरलेला ऑक्सिजन. पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. प्रत्यक्ष प्रमाणाला या आदर्श प्रमाणाने भागले की लॅम्डा मिळतो, म्हणून लॅम्डा १ म्हणजे नेमके मिश्रण, १ पेक्षा जास्त म्हणजे विरळ आणि १ पेक्षा कमी म्हणजे दाट. परंतु उरलेल्या ऑक्सिजनवरून मूळ मिश्रणाचे अनुमान काढता येते ते एका अटीवर: आत गेलेले मिश्रण खरोखर पेटले असले पाहिजे. एखाद्या सिलिंडरात ठिणगीच पडली नाही, तर त्यातली सगळी हवा आणि सगळे पेट्रोल जसेच्या तसे एक्झॉस्टमध्ये येते. सेन्सरच्या प्लॅटिनमच्या थरावर त्यातला काही भाग जळतो हे खरे, पण पेट्रोलचे जड रेणू त्या थरापर्यंत सावकाश पोहोचतात व अपुरे जळतात, आणि ऑक्सिजन मात्र पुरेपूर मोजला जातो. चार सिलिंडरांच्या इंजिनात एक सिलिंडर गप्प झाला तर इंजिनाने ओढलेल्या हवेचा चौथा हिस्सा न जळता सेन्सरपुढून जातो, आणि सेन्सर विरळ मिश्रणाची वर्दी देतो.

याचा अर्थ असा की मिसफायर झाल्यामुळेच विरळपणा दिसू शकतो, आणि कार्यकारणाचा जो क्रम सल्लागार गृहीत धरतो तो अनेकदा नेमका उलटा असतो. त्याहून गंभीर गोष्ट अशी की पेट्रोल जास्त झाल्याने प्लग काजळून ठिणगी बुडाली, तरी सेन्सर विरळच दाखवतो. संथ गतीत (आयडलिंगला) आणि स्थिर वेगाने धावताना ईसीयू सेन्सरच्या आकड्यावरून पेट्रोलची मात्रा सतत सुधारत असते. या सुधारणेला फ्युएल ट्रिम म्हणतात, तात्पुरती शॉर्ट टर्म आणि साठवून ठेवलेली लाँग टर्म. म्हणजे काजळलेल्या एका सिलिंडरामुळे ईसीयू चारही सिलिंडरांचे पेट्रोल वाढवते, मग उरलेले तीन प्लगही काळे पडू लागतात, मिसफायर वाढतो, आकडा आणखी विरळ होतो, आणि अशा वेळी ट्यूनरने मॅपमध्ये आणखी भर घातली तर हे चक्र माणसाच्या हाताने एक फेरा पुढे ढकलले जाते. प्लग काढून पाहण्याला फार वेळ लागत नाही, आणि तेवढा वेळ न देता केलेल्या निदानाला निदान म्हणणे कठीण आहे.

शिवाय मिसफायरचा पुरावा सेन्सरवर अवलंबून नाही. क्रँकशाफ्टच्या फिरण्याचा वेग प्रत्येक ज्वलनानंतर किंचित वाढतो, आणि ती वाढ ज्या सिलिंडराच्या पाळीला आली नाही त्याच्या नावावर ईसीयू मिसफायर मांडते. पी-०३०१ ते पी-०३०४ हे संकेत सिलिंडराचा क्रमांक सांगतात आणि पी-०३०० म्हणजे विखुरलेला मिसफायर. (हलके फ्लायव्हील किंवा तीव्र कॅमशाफ्ट बसवलेल्या इंजिनात ही मोजणी फसू शकते, हे ध्यानात ठेवावे लागते.) चारही सिलिंडरांना पेट्रोलचा हिशेब सहसा एकाच तक्त्यातून, म्हणजे फ्युएल मॅपमधून, मिळत असल्यामुळे, मोजणी एकाच सिलिंडराकडे बोट दाखवत असेल तर तक्ता दोषी असण्याची शक्यता कमी, दोष बहुधा त्या सिलिंडराच्या प्लगमध्ये, कॉइलमध्ये, इंजेक्टरमध्ये, व्हॉल्व्हमध्ये किंवा कॉम्प्रेशनमध्ये असतो. इतके सरळ अनुमान बाजूला सारून समान तक्त्यात पेट्रोल वाढवणे म्हणजे एका सिलिंडराच्या दोषासाठी तीन निरोगी सिलिंडर बिघडवणे होय.

या टीकेला मिळणारे सर्वांत वजनदार उत्तर असे की दाट मिश्रण सुरक्षित असते, आणि कारण सापडेपर्यंत इंजिन वाचवणे हे पहिले कर्तव्य आहे. या उत्तरात तथ्य आहे, म्हणून ते नीट तपासले पाहिजे. जास्तीचे पेट्रोल वाफ होताना उष्णता शोषते, त्यामुळे नॉकिंग, म्हणजे ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण एकदम भडकण्याचा प्रकार, लांबतो. पूर्ण बूस्टवर, म्हणजे टर्बोच्या पूर्ण दाबावर, इंजिन लॅम्डा ०.८ च्या आसपास चालवण्याची रीत याच कारणाने पडली. पण ही सुरक्षितता एका पट्ट्यापुरतीच असते. तो पट्टा ओलांडून मिश्रण दाट होत गेले की ज्योत मंदावते, प्लग काजळतात, सिलिंडराच्या भिंतीवरचा तेलाचा थर पेट्रोलने धुतला जातो आणि ते पेट्रोल खाली उतरून इंजिन ऑइल पातळ करते. दुसऱ्या बाजूने पाहता, विरळ मिश्रण स्वतःहून इंजिन मारते हेही सरसकट खरे नाही: होंडाच्या सीव्हीसीसी इंजिनाने १९७५ च्या सिव्हिकमध्ये विरळ मिश्रण जाळूनच, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरशिवाय, अमेरिकेचे त्या वेळचे प्रदूषण नियम पाळले होते. हलक्या भारावरचा विरळपणा गाडीला झटके देतो; पूर्ण बूस्टवरचा विरळपणा पिस्टन वितळवतो. दोन्हींना एकच औषध देणाऱ्या सल्ल्याला हा फरकच मान्य नसतो. आणि इंजिन वाचवणे हेच कर्तव्य असेल, तर पूर्ण भारावर विरळपणा दिसताच थ्रॉटल सोडणे, बूस्ट वेस्टगेटच्या, म्हणजे बूस्टवर मर्यादा घालणाऱ्या झडपेच्या, स्प्रिंगपुरता खाली आणणे आणि दोष सापडेपर्यंत गाडी जोरात न चालवणे हा त्याचा मार्ग आहे, कारण त्याने पुरावा जागेवर राहतो.

पुरावा जागेवर राहण्याचे महत्त्व सुबारूच्या डब्ल्यूआरएक्स एसटीआयमध्ये जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्यत्र होते. या गाडीचे अमेरिकेच्या बाजारातले २.५ लिटरचे ईजे२५७ इंजिन, ज्यात चार सिलिंडर आडवे समोरासमोर असतात, २००४ च्या मॉडेलपासून २०२१ पर्यंत चालले, आणि फार फेरफार होणाऱ्या इंजिनांपैकी ते एक आहे. आत जाणारी हवा ते मास एअरफ्लो सेन्सरने मोजते: नळीत तापवलेली एक सूक्ष्म तार असते, वाहती हवा तिला थंड करते, आणि ती तापलेली ठेवण्यासाठी लागणाऱ्या विजेवरून हवेचे वस्तुमान कळते. ही तार फक्त आपल्याजवळून जाणाऱ्या हवेची गती जाणते. नळी केवढी आहे हे तिला ठाऊक नसते, ते ईसीयूच्या तक्त्यात गृहीत धरलेले असते. कारखान्याच्या नळीऐवजी मोठ्या व्यासाचा इनटेक बसवला, समजा आतला व्यास ७० मिलिमीटरवरून ७६ झाला, तर छेदाचे क्षेत्रफळ सुमारे १८ टक्क्यांनी वाढते आणि तितकीच हवा जाताना तिची गती सुमारे १५ टक्क्यांनी घटते. सेन्सर ढोबळमानाने तितकीच हवा कमी सांगतो, ईसीयू तितके पेट्रोल कमी देते, आणि मिश्रण विरळ होते.

येथे पेट्रोल वाढवले तर लॅम्डाचा आकडा दुरुस्त होतो, आणि नेमक्या याच ठिकाणी तो उपचार सर्वांत घातक ठरतो. कारण हवेच्या मोजमापावरून ईसीयू केवळ पेट्रोल ठरवत नाही. त्याच आकड्यातून ते इंजिनावरचा भार काढते आणि भारावरून ठिणगीची वेळ निवडते. भार जितका कमी, तितकी ठिणगी लवकर टाकणे परवडते. हवा १५ टक्के कमी मोजली जात असेल, तर इंजिन प्रत्यक्षात जास्त भाराखाली असताना ईसीयू कमी भाराची, म्हणजे लवकरची ठिणगी देत राहते, आणि पेट्रोलची भर या चुकीला हातही लावत नाही. वाइडबँडवर ०.८ चा निर्दोष आकडा झळकत असताना सिलिंडरात नॉकिंग चालू असते. रिंगांमधला तुटलेला कठडा ज्या इंजिनांत सापडतो त्यातल्या काहींचा इतिहास असाच असतो. योग्य दुरुस्ती पेट्रोलच्या तक्त्यात नसून सेन्सरच्या मोजणीच्या तक्त्यात आहे, म्हणजे नव्या नळीत अमुक व्होल्टेजला किती हवा, हे ईसीयूला शिकवण्यात आहे. दोन्ही दुरुस्त्या पडद्यावर सारख्याच दिसतात, आणि त्यातली एक इंजिन वाचवते.

हवेच्या गळतीबाबतही आकडा स्वतःहून फारसे सांगत नाही. मास एअरफ्लो सेन्सर आणि टर्बो यांच्यामधल्या नळीत भेग असेल तर तिथे नेहमीच ओढ असते, त्यामुळे न मोजलेली हवा आत शिरून मिश्रण विरळ होते आणि भार वाढला की ओढही वाढते. टर्बो आणि थ्रॉटल यांच्यामधला, इंटरकूलरच्या वाटेवरचा क्लिप सैल असेल तर बूस्टखाली मोजलेली हवा बाहेर निसटते आणि मिश्रण उलट दाट होते. इनटेक मॅनिफोल्डचे गास्केट गळत असेल तर संथ गतीत बाहेरची हवा आत येऊन मिश्रण विरळ, आणि बूस्टखाली आतली हवा बाहेर जाऊन तेच मिश्रण दाट. हवा न मोजता मॅनिफोल्डमधल्या दाबावरून ती हिशेबाने काढणाऱ्या व्यवस्थेत, म्हणजे स्पीड डेन्सिटीत, शेवटची गळती दाबाच्या रूपाने मोजली जात असल्यामुळे मिश्रण फारसे बदलत नाही, फक्त संथ गती चढते. एकच छिद्र, पण जागा आणि मोजणीची पद्धत बदलली की लक्षण उलटते. म्हणूनच ट्रिमचा एक सुटा आकडा निरुपयोगी असतो आणि भाराबरोबर तो कसा बदलतो याला अर्थ असतो: संथ गतीत मोठी असलेली भर फेरे वाढताच ओसरत असेल तर मॅनिफोल्डच्या गळतीचा संशय, आणि संथ गतीत शून्याजवळ असून भाराबरोबर चढत असेल तर पेट्रोलचा पुरवठा किंवा हवेची मोजणी अपुरी असल्याचा. यात आणखी एक फसवी गळती धरावी लागते. नवे हेडर (एक्झॉस्ट मॅनिफोल्ड) बसवलेल्या गाडीत सेन्सरच्या आधीचा एक्झॉस्टचा सांधा सैल राहिला, तर दोन ज्वलनांच्या धक्क्यांमधल्या क्षणिक ओढीने बाहेरची हवा एक्झॉस्टमध्येच शिरते, आणि सिलिंडरातले मिश्रण अगदी नेमके असताना सेन्सर ते विरळ सांगतो. इथे पेट्रोल वाढवणाऱ्याने निरोगी मिश्रण बिघडवलेले असते.

पूर्ण बूस्टवरच विरळपणा दिसत असेल तर संशय पेट्रोलच्या दाबाकडे जातो, आणि या बाबतीत साधे गणित फार काही उघड करते. मॅनिफोल्डमध्ये इंजेक्टर असलेल्या बहुतेक टर्बो इंजिनांत पेट्रोलचा दाब मॅनिफोल्डमधल्या दाबापेक्षा सुमारे ३ बारने जास्त राहावा म्हणून रेग्युलेटरला एका बारीक नळीने मॅनिफोल्डशी जोडलेले असते, म्हणजे बूस्ट १.२ बार झाला की इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलमधला दाब ४.२ बार व्हायला हवा. ही नळी निसटली तर रेलमधला दाब ३ बारवरच थांबतो आणि इंजेक्टरच्या दोन्ही बाजूंतला फरक १.८ बार उरतो. इंजेक्टरमधून जाणारे पेट्रोल या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असल्यामुळे ते सुमारे साडेबावीस टक्क्यांनी घटते, आणि ०.८० असायला हवा तो लॅम्डा १.०३ पर्यंत जातो. काही रुपयांच्या रबरी नळीचा हा दोष मॅपमध्ये पेट्रोल वाढवून झाकता येतो, पण त्यासाठी इंजेक्टर जवळजवळ सतत उघडे ठेवावे लागतात, आणि उद्या कोणी ती नळी जागेवर लावली तर त्याच इंजिनातले मिश्रण अतिदाट होऊन ते चालेनासे होते. दाबाचा गेज लावून एक फेरी मारली असती तर हे सगळे टळले असते. मोठे इंजेक्टर बसवलेल्या गाडीत आणखी एक दोष संथ गतीतच दिसतो: विजेचा इशारा मिळाल्यापासून इंजेक्टर प्रत्यक्ष उघडेपर्यंत जो विलंब लागतो त्याचा आकडा नव्या इंजेक्टरसाठी बदलला नाही, तर दोन मिलिसेकंदांच्या इशाऱ्यात ०.२ मिलिसेकंदांची चूक दहा टक्क्यांची होते आणि पंधरा मिलिसेकंदांच्या इशाऱ्यात ती नगण्य ठरते. यावर पेट्रोलचा तक्ता सरसकट वाढवणे म्हणजे संथ गतीतली चूक पूर्ण भारावर नेऊन ठेवणे आहे.

ठिणगीविषयी थोडक्यात सांगता येते. फ्रीडरिख पाशेन यांनी १८८९ मध्ये दाखवून दिले की वायूतून ठिणगी उडण्यासाठी लागणारे व्होल्टेज दाब आणि फट यांच्या गुणाकारावर अवलंबून असते, म्हणून बूस्ट वाढवला की त्याच फटीला जास्त व्होल्टेज लागते. कारखान्याची कॉइल ते देऊ शकली नाही की ठिणगी बुडते, आणि तेही नेमके टॉर्क सर्वांत जास्त असताना. फट ०.७ मिलिमीटरच्या आसपास कमी करून त्याच रस्त्यावर मिसफायर थांबला, तर सेन्सरवरचा विरळ आकडाही त्याच्याबरोबर जातो आणि पेट्रोलचा प्रश्न मुळात नव्हताच हे सिद्ध होते.

वाइडबँडच्या भरवशाला आणखी एक मर्यादा आहे, आणि तिच्याकडे होणारे दुर्लक्ष अक्षम्य आहे. सेन्सर सर्व सिलिंडरांच्या एकत्र वायूची सरासरी सांगतो. तीन सिलिंडर ०.७८ वर आणि एक अर्धवट चोंदलेल्या इंजेक्टरमुळे ०.९६ वर असेल, तर सरासरी ०.८२ च्या जवळ येते, जी कोणालाही समाधानकारक वाटेल. तो एक सिलिंडर बूस्टखाली धोक्यात असतो आणि गेज शांत असतो. म्हणजे विरळ आकडा हा विरळपणाचा पुरावा नाही, तसा निर्दोष आकडा हा सुरक्षिततेचाही पुरावा नाही. प्लगांचा रंग एकमेकांशी ताडून पाहणे आणि इंजेक्टर काढून त्यांचा प्रवाह मोजणे याला पर्याय नाही.

वेळ आणि खर्च यांचा आक्षेप शेवटी उरतो. ग्राहक डायनोच्या, म्हणजे गाडी जागेवर चालवून तिची शक्ती मोजणाऱ्या यंत्राच्या, तासाचे पैसे देतो, गळती शोधण्याचे नाही, असे सांगितले जाते. परंतु मिसफायरच्या नोंदी वाचणे, प्लग पाहणे, कॉइल एका सिलिंडरावरून दुसऱ्यावर हलवून दोष तिच्याबरोबर हलतो का ते तपासणे, इनटेकमध्ये धूर सोडून गळती शोधणे आणि पेट्रोलचा दाब भाराखाली मोजणे, ही सगळी कामे एका सकाळीत होतात, आणि ती डायनोच्या आधी झाली नाहीत तर डायनोवरचा प्रत्येक तास बिघडलेल्या इंजिनाचा मॅप बनवण्यात जातो. या तपासण्या बिलात स्वतंत्र लिहिण्याचा संकोच व्यवसायाने सोडला पाहिजे; ग्राहकाला त्या नको असतील तर त्याने तसे लेखी द्यावे.

पेट्रोल वाढवणे हाच योग्य उपाय ठरतो असा एक प्रसंग मात्र मान्य केला पाहिजे, आणि तो आज भारतात, विशेषतः पुण्या-मुंबईच्या ट्यून केलेल्या गाड्यांत, प्रत्यक्ष उभा आहे. ज्याच्या उत्पादनात महाराष्ट्राच्या साखर कारखान्यांचा मोठा वाटा आहे ते इथेनॉल २० टक्के मिसळलेले पेट्रोल २०२३ पासून पंपांवर येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते नेहमीचे झाले. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असल्यामुळे त्याला जाळायला हवा कमी लागते: शुद्ध पेट्रोलचे १४.७ हे प्रमाण १० टक्के इथेनॉलला सुमारे १४.१ आणि २० टक्क्यांना सुमारे १३.५ होते. संथ गतीत सेन्सरच्या आधारे ईसीयू हा फरक भरून काढते, पण जी ईसीयू पूर्ण थ्रॉटलवर सेन्सरचे न ऐकता फक्त तक्त्यावर चालते, तिचा १० टक्क्यांच्या इंधनावर केलेला जुना मॅप नव्या इंधनावर सुमारे ४ टक्क्यांनी, आणि शुद्ध पेट्रोलवर केलेला मॅप घनतेचा फरक धरून सात ते आठ टक्क्यांनी विरळ होतो. गेज पुष्कळदा लॅम्डाला १४.७ ने गुणूनच आकडा दाखवते, म्हणून येथे लॅम्डातच बोलावे लागते. ही भर मॅपमध्ये घालणे रास्त आहे, कारण तिचे कारण ठाऊक आहे आणि तिचे प्रमाण आधीच काढता येते. मात्र १० टक्के इथेनॉलवर केलेल्या मॅपच्या गाडीत नोंदींमधला विरळपणा चारऐवजी बारा टक्क्यांचा निघाला, तर उरलेले आठ टक्के इंधनाच्या रसायनाने समजावता येत नाहीत, आणि त्यांचा शोध प्रथम फिल्टरमध्ये व पंपाच्या दाबात घ्यावा लागतो, कारण इथेनॉल जुन्या टाकीतला साचलेला मळ सोडवून पुढे नेते आणि तो मळ फिल्टरवर जाऊन बसतो.